‘विल’ कोठें घालावें व कोठें घालूं नये?

परवां सायंकाळीं आमचा नातू इंग्रजीची वही घेऊन आमच्यापुढें येऊन बसला. वहींत एका वाक्याखालीं तांबडी रेघ ओढलेली होती. वाक्य होतें, ‘इफ इट विल रेन टुमॉरो, वुई विल नॉट गो.’ पहिल्या ‘विल’वर शिक्षकांनीं फुली मारून वर ‘रेन्स’ असें लिहिलें होतें; कारण मात्र दिलें नव्हतें. मुलानें विचारलें, “आजोबा, पाऊस उद्यां पडायचा आहे ना? मग भविष्यकाळ चूक कसा? आणि पुढचें ‘विल’ चालतें, तर मागचें कां चालत नाहीं?”

प्रश्न रास्त होता. आमच्या घरांतील तीन पिढ्यांनीं ही तांबडी रेघ पाहिली आहे आणि तिघींनाही ‘नियमच तसा आहे’ एवढेंच उत्तर मिळालें आहे. नियम पाठ करून परीक्षा पार पडते. परंतु नियमाच्या पोटांतील अर्थ न कळल्यास पुढें व्यवहारांत मनें कशीं दुखावतात, याचा अनुभव आमच्या कुटुंबास नुकताच आला. म्हणून हा विषय वाचकांपुढें थोडा सविस्तर मांडीत आहों.

प्रथम आपल्या मराठीकडेच पाहूं. ‘उद्यां पाऊस पडला तर आम्ही जाणार नाहीं,’ असें आपण म्हणतों. गोष्ट उद्यांची, पण ‘पडला’ हें रूप मात्र भूतकाळाचें! आईच्या मांडीवर शिकलेली भाषा असल्यामुळें आपणांस त्याचें नवल वाटत नाहीं, इतकेंच. प्रधानवाक्यांत भविष्यकाळ एकदां सांगितला कीं अटीच्या गौणवाक्यांत तो पुन्हां सांगण्याचें कारण नाहीं, अशी मराठीची रीत आहे आणि इंग्रजीचीही तीच आहे. भेद एवढाच कीं, अशा ठिकाणीं आपण भूतकाळाचें रूप योजतों आणि इंग्रज वर्तमानकाळाचें योजतो.

मग आपलीं मुलें अडखळतात कोठें? मुख्यत्वें ‘जेव्हां’पाशीं. ‘जेव्हां तो येईल, तेव्हां सांगूं,’ या वाक्यांत दोन्हीकडे भविष्यकाळ आहे व तो शुद्ध आहे. त्याचें शब्दशः इंग्रजी केलें कीं ‘व्हेन ही विल कम’ असें होतें, आणि तेथें रेघ ओढली जाते. फ्रेंच भाषेंतही ‘जर’च्या वाक्यांत वर्तमानकाळ, पण ‘जेव्हां’च्या वाक्यांत भविष्यकाळ येतो, तेव्हां इंग्रजी शिकणाऱ्या फ्रेंच मुलासही याच दगडाची ठेंच लागली तर आश्चर्य नाहीं. इंग्रजीनें ‘जर’ आणि ‘जेव्हां’ या दोघांस एकाच पंक्तीला बसविलें आहे. इफ, अनलेस, व्हेन, अंटिल, बिफोर, आफ्टर यांपैकीं कोणताही शब्द आरंभीं असून वाक्य अट किंवा वेळ सांगत असेल, तर तेथें भविष्याचें ‘विल’ सामान्यतः येत नाहीं.

परंतु ‘व्हेन’ दिसलें कीं ‘विल’ खोडावें, असेंही नाहीं. ‘आय डू नॉट नो व्हेन ही विल कम’ हें वाक्य अगदीं निर्दोष आहे. येथें ओळखण्याची खूण अशी: प्रधानवाक्याच्या क्रियापदास ‘काय?’ असा प्रश्न करावा. ‘काय ठाऊक नाहीं?’ तर ‘तो केव्हां येईल तें’. गौणवाक्यानें या प्रश्नाचें उत्तर दिलें, म्हणजे तें नामवाक्य झालें व तेथें ‘विल’ राहूं द्यावें. ‘सांगेन’ यास मात्र ‘केव्हां?’ असें विचारल्यावर ‘तो आला म्हणजे’ असें उत्तर येतें. तें क्रियाविशेषणवाक्य, म्हणून तेथें ‘व्हेन ही कम्स’ हेंच बरोबर. ‘इफ’चा अर्थ ‘कीं नाहीं’ असा होतो तेव्हांही हीच खूण लागू पडते. ‘आस्क हिम इफ ही विल कम’ म्हणजे ‘तो येणार कीं नाहीं तें विचार’. हें शुद्ध आहे.

आतां या भेदाच्या मुळाशीं जाऊं. ‘विल’ हें क्रियापद जन्मतः भविष्यकाळाचें नव्हे. प्राचीन इंग्रजींत त्याचा अर्थ ‘इच्छिणें’ असा होता, तर त्याचें भावंड जें ‘शॅल’, त्याचा मूळ अर्थ ‘देणें लागणें’, ‘बांधलेलें असणें’ असा होता. मृत्युपत्रास आपण घरोघर ‘विल’ म्हणतों तेंही इच्छापत्र या अर्थानेंच. प्रधानवाक्यांत शतकानुशतकें राबून ही इच्छा पुष्कळशी झिजली आणि बहुधा केवळ भविष्य उरलें. अटीच्या वाक्यांत मात्र ती अजून जागी आहे. ‘इफ यू विल वेट अ मिनिट’ हें म्हणूनच चुकीचें नाहीं. तें आर्जवाचें बोलणें आहे. मराठींतही ‘आपण थांबलांत तर’ आणि ‘आपण क्षणभर थांबाल तर’ यांत हाच फरक आहे. दुसऱ्या वाक्यांत समोरच्या माणसाच्या मर्जीचा मान राखलेला असतो.

होकारी वाक्यांत जें आर्जव, तेंच नकारी वाक्यांत आरोप होऊन बसतें. आमचा एक पुतण्या शिक्षणासाठीं इंग्लंडांत राहतो. त्याच्या खोलीची खिडकी मोडली. घरमालकीण वृद्ध व प्रेमळ. तिला त्रास नको म्हणून त्यानें चिठ्ठी लिहिली, ‘इफ यू विल नॉट मेंड द विंडो धिस वीक, आय शॅल कॉल अ मॅन मायसेल्फ.’ त्याच्या मनांत होतें, ‘या आठवड्यांत आपल्याकडून जमलें नाहीं तर मीच कारागीर बोलावीन.’ बाईंनीं वाचलें, ‘आपण दुरुस्ती करण्यास तयारच नसाल तर...’ दोन दिवस त्या त्याच्याशीं बोलल्या नाहींत; तिसऱ्या दिवशीं एवढेंच म्हणाल्या, “मीं नकार केव्हां दिला होता?” मुलानें आपली चिठ्ठी पुन्हां पुन्हां वाचली, पण दोष सांपडेना. शेवटीं एका इंग्रज सहाध्यायानें त्याला दाखविलें कीं, ‘विल नॉट’च्या जागीं ‘कॅनॉट’ लिहिलें असतें तर पुढचें कांहींच घडलें नसतें. शब्द एकच, पण त्यानें एका म्हातारीचें मन दुखावलें.

कायद्याच्या भाषेंतही गौण व प्रधान वाक्यांचा हा विभाग नीट पाहावयास मिळतो. १८६० सालीं मंजूर झालेली भारतीय दंडसंहिता १८६२ च्या जानेवारीपासून २०२४ च्या जूनअखेरपर्यंत अमलांत होती. तिच्या शिक्षेच्या कलमांत गुन्ह्याचें गौणवाक्य सामान्यतः ‘कमिट्स’ अशा वर्तमानकाळीं आणि शिक्षेचें प्रधानवाक्य ‘शॅल बी पनिश्ड’ असें आढळतें. गुन्हा पुढें केव्हांतरी घडायचा, तरी तेथें वर्तमानकाळ. ‘शॅल’ मात्र शिक्षेच्या वाक्यांत, कारण बंधन काय तें तेथेंच आहे.

एक सूक्ष्म अपवाद सांगून ठेवतों. ‘इफ इट विल हेल्प यू, आय विल कम,’ यांत ‘विल’ राहतें. कारण येथें मदत आधीं होऊन मग येणें घडत नाहीं, तर येण्याचें फळ म्हणून मदत व्हायची आहे. अट म्हणून जें आधीं घडावयाचें, तेथेंच ‘विल’ गळतें.

हें सर्व नातवास त्याच्या बेतानें सांगितलें. तो थोडा वेळ गप्प बसला आणि म्हणाला, “म्हणजे पावसाला इच्छा नसते, म्हणून ‘इफ इट विल रेन’ नाहीं. होय ना?” नियमाचें हें संपूर्ण उत्तर नव्हे, हें आम्ही जाणतों; पण पाठ केलेल्या नियमापेक्षां तें पुष्कळ दिवस टिकेल. घरोघरच्या वडील मंडळींस आमची एवढीच विनंति कीं, मुलाच्या वहींत अशी रेघ दिसली तर त्यास वेंधळा म्हणण्यापूर्वीं पांच मिनिटें जवळ बसवावें. तें मूल बहुधा आपल्या मायबोलीच्या नियमानें बरोबरच चाललेलें असतें. दुसऱ्याच्या घरची रीत निराळी आहे, एवढेंच त्यास सांगावयाचें राहिलेलें असतें.