पॅटर्न दिसला म्हणून भाव चढत नाही

भिवंडीत लूमच्या कारखान्यात असो वा माणकोलीच्या गोदामांजवळच्या टपरीवर, क्रिप्टोचा विषय निघाला की एक वाक्य हमखास कानावर पडतं: "पॅटर्न बनलाय, आता भाव जाणारच." याच भरवशावर पगार लावला जातो, उसनवारी होते. म्हणून या समजाची नीट झाडाझडती घ्यायला हवी.

पॅटर्न म्हणजे भावाच्या चार्टवर दिसणारा ओळखीचा आकार. चार्ट ही होऊन गेलेल्या सौद्यांची नोंद असते. एक कँडल ठरावीक वेळेतला पहिला, शेवटचा, सर्वांत वरचा आणि सर्वांत खालचा भाव सांगते. पुढच्या भावाबद्दल ती काही सांगत नाही. जॅकार्ड लूमवर पुढची नक्षी कार्डांवरच्या भोकांनी आधीच ठरलेली असते. बाजारामागे असं कार्ड नसतं.

जून २०२१मध्ये बिटकॉइनच्या चार्टवर 'डेथ क्रॉस' दिसला, म्हणजे ५० दिवसांची सरासरी २०० दिवसांच्या सरासरीखाली गेली. हे मोठ्या घसरणीचं चिन्ह मानतात. भाव तेव्हा ३५ हजार डॉलरच्या आसपास होता. जुलैत तो ३० हजारांखाली गेला खरा, पण नोव्हेंबरात ६९ हजारांच्या घरात पोचला. वाटेत त्याच वर्षीच्या एप्रिलमधलं शिखर ओलांडलं गेलं, तेव्हा नियमाप्रमाणे तो 'ब्रेकआउट' होता, म्हणजे भाव आणखी चढण्याचं चिन्ह. पुढे वर्षभरात भाव १६ हजारांखाली आला आणि आता तीच दोन शिखरं 'डबल टॉप' या घसरणीच्या चिन्हाचं उदाहरण म्हणून शिकवली जातात! कोर्स विकणारे जमलेले चार्ट दाखवतात. फसलेले चार्ट कुठे जातात, हे शिकणाऱ्याने विचारलंच पाहिजे.

शिकागो विद्यापीठाच्या हॅरी रॉबर्ट्स यांनी १९५९मध्येच दाखवलं होतं की निव्वळ यादृच्छिक आकड्यांचा आलेखही शेअर बाजाराच्या चार्टसारखा दिसतो, त्यातही 'हेड अँड शोल्डर्स'सारखे पॅटर्न सापडतात. अँड्र्यू लो आणि सहकाऱ्यांनी २०००मध्ये अमेरिकी शेअरचे चार्ट संगणकाने तपासले. काही पॅटर्नमध्ये थोडी माहिती असते, असं त्यांना आढळलं. पण थोडी माहिती म्हणजे खात्रीचा नफा नव्हे.

बाकीचे गैरसमज थोडक्यात.

'व्हॉल्यूम वाढला, म्हणजे ब्रेकआउट खरा.' बिटवाइज कंपनीने २०१९मध्ये अमेरिकेच्या बाजार नियामकाला दिलेल्या विश्लेषणानुसार, बिटकॉइनचा जाहीर होणारा सुमारे ९५ टक्के व्हॉल्यूम, म्हणजे सौद्यांची उलाढाल, बनावट होता.

'दहापट लिव्हरेज घेतलं तर कमाई दहापट.' लिव्हरेज म्हणजे उसन्या पैशावर केलेला मोठा सौदा, त्यामुळे तोटाही दहापट. भाव साधारण १० टक्के उलटा फिरला की लावलेली रक्कम संपते. नंतर पॅटर्न खरा ठरला तरी सौदा आधीच बंद झालेला असतो.

'चार्टमध्ये सगळं दिसतं.' १८ जुलै २०२४ रोजी वझीरएक्स या क्रिप्टो एक्स्चेंजवर सायबर हल्ला होऊन २३ कोटी डॉलरहून अधिक किमतीची क्रिप्टो मालमत्ता चोरीला गेली आणि ग्राहकांना पैसे काढणं बंद झालं. हा धोका कुठल्याही कँडलमध्ये नव्हता.

'एका नाण्यातला तोटा दुसऱ्यातल्या नफ्यातून वजा होतो.' १ एप्रिल २०२२पासून लागू झालेल्या तरतुदीनुसार होत नाही. एकात १ लाख कमावले आणि दुसऱ्यात १ लाख गमावले, तर हातात शून्य राहूनही ३० टक्के कर व ४ टक्के उपकर मिळून ३१,२०० रुपये भरावे लागतात.