आंबोलीचा पाऊस आणि आपली विहीर

मृग लागला की आपल्या मालवण भागात पावसाला तोटा नाही. पण आंबोलीला तो पडतो, त्याच्या निम्मासुद्धा इकडे पडत नाही. आंबोलीत वर्षाला सुमारे ७५०० मिलिमीटर पाऊस होतो. म्हणजे किती? समजा, पाणी वाहून गेले नाही, मुरले नाही, जागच्या जागी साचले. तर ते २५ फूट उंच उभे राहील. आपले कौलारू घर आढ्यासकट बुडेल!

आता घाट ओलांडून सांगली जिल्ह्याच्या पूर्व भागात, जत-आटपाडीकडे चला. तेथे पाऊस सुमारे ५०० मिलिमीटर. साचला तर गुडघ्याएवढा.

असे का होते? पावसाळ्यात वारा नैऋत्येकडून, समुद्रावरून येतो. त्यात वाफ भरलेली असते. सावंतवाडीच्या पुढे सह्याद्रीची भिंत आडवी येते. आंबोली सुमारे ७०० मीटर उंच आहे. वाऱ्याला वर चढावेच लागते. वर गेलेली हवा थंड होते आणि थंड हवेत तितकी वाफ मावत नाही. पेजेच्या मडक्यावरची झाकणी उचलून बघा. आतून थेंब धरलेले असतात. वाफेचे पाणी होते ते असेच.

डोंगरापलीकडे वारा उतरतो, तेव्हा त्यातले बरेच पाणी गळून गेलेले असते. शिवाय उतरणारी हवा तापते आणि ढग विरतात. म्हणून तिकडे पाऊस कमी. याला पर्जन्यछाया म्हणतात. म्हणजे पावसाची सावली.

आम्हांला खरे नवल वाटते ते हिरण्यकेशी नदीचे. ती आंबोलीला उगम पावते. तेथून आपला समुद्र ५० किलोमीटरच्या आत. पण ती त्याच्याकडे पाठ फिरवून पूर्वेला जाते. ती घटप्रभेला मिळते, घटप्रभा कृष्णेला, आणि कृष्णा थेट बंगालच्या उपसागराला. पाणी उठले एका समुद्रातून, गेले दुसऱ्या समुद्रात!

वर्गात बायका विचारतात, "गुरुजी, इतको पाऊस पडता, मगे मे म्हयन्यात बावी कित्याक सुकतत?" प्रश्न रास्त आहे. कोसभर चालून हंडा आणावा लागतो तो त्यांनाच.

आपल्या नद्या आखूड आणि उतार मोठा. कर्ली नदी सह्याद्रीत निघते आणि देवबागला समुद्राला मिळते. वाटेत पाणी फारसे थांबत नाही. दुसरे कारण जांभा दगड. तो पाणी पितो खरा, पण धरून ठेवत नाही. सड्यावर मुरलेले पाणी खालच्या झऱ्यांतून निघून जाते. म्हणून दिवाळीत वाहणारा व्हाळ शिमग्याला कोरडा दिसतो. खाडीकाठच्या विहिरीचा उपसा फार झाला, तर तिच्यात खारे पाणी शिरते, ते वेगळेच.

यावर गावोगाव वनराई बंधारे घालतात. सिमेंटच्या रिकाम्या पोत्यांत माती किंवा वाळू भरतात, तोंडे शिवतात आणि पोती व्हाळात आडवी रचतात. अडलेले पाणी आजूबाजूला मुरते आणि जवळच्या विहिरींना मिळते. पोती रचताना वरच्या थराचा सांधा खालच्या सांध्यावर येऊ देऊ नये, फटींत माती ठासावी. मात्र हे काम पाऊस सरल्यावर लगेच, धार चालू असतानाच करावे. भातकापणी, मळणी करून सवडीने पाहू म्हटले, तर अडवायला पाणी उरत नाही.