रेवातीरीची देवळे आणि राजधान्या

माळव्यातील आपणा मराठी मंडळींचे नर्मदेशी नाते दोन प्रकारचे आहे. एक पर्वणीचे. अमावास्येला किंवा श्रावणी सोमवारी ओंकारेश्वर गाठायचे, स्नान उरकायचे, दर्शनाच्या रांगेत उभे राहायचे आणि दिवेलागणीला घरी परतायचे. दुसरे नळाचे. १९७० साली इंदुरात नर्मदेच्या पाण्यासाठी मोठे जनआंदोलन झाले आणि १९७८ साली मंडलेश्वराजवळच्या जलूद येथून ते पाणी विंध्याची चढण चढून शहरात आले. तेव्हापासून रेवामाई आमच्या माजघरातल्या हंड्यात आयतीच येऊन बसली आहे. ही दोन्ही नाती घाईची. तिच्या काठची स्थळे तिच्याच प्रवाहाच्या क्रमाने, सवडीने पाहावीत, असे सहसा कोणी मनावर घेत नाही. गेल्या हिवाळ्यात आम्ही तीन-चार कुटुंबांनी ते घेतले आणि नेमावरपासून महेश्वरापर्यंतचा तीर चार दिवसांत पाहिला.

अमरकंटकाहून निघालेली नर्मदा विंध्य आणि सातपुड्याच्या मधून १,३१२ किलोमीटर वाहत भडोचजवळ खंबातच्या आखाताला मिळते. तिची परिक्रमा करणारा यात्रेकरू नदी उजव्या हाताला ठेवून चालतो आणि तिचे पात्र कधी ओलांडत नाही. आम्ही काही परिक्रमावासी नव्हतो. मोटारीने हिंडलो आणि पुलांवरून खुशाल ऐलपैल झालो. परंतु देवळाआधी नदी पाहायची, एवढा एक नियम मात्र आम्ही पाळला.

नाभिस्थान नेमावर

इंदूरहून बैतूलच्या रस्त्याने सुमारे सव्वाशे किलोमीटरवर, उत्तर तीरी नेमावर लागते. समोरच्या तीरावर हंडिया. या ठिकाणाला नर्मदेचे नाभिस्थान मानतात. येथील सिद्धेश्वराचे देऊळ परमारकालीन असून भूमिज शैलीचा तो एक देखणा नमुना आहे. शिखराच्या चारही अंगांनी वर चढत गेलेले नक्षीदार पट्टे आणि त्यांच्यामध्ये ओळीने बसविलेली चिमुकली शिखरे ही त्या शैलीची खूण. ज्यांनी अंबरनाथ किंवा सिन्नरचा गोंदेश्वर पाहिला आहे, त्यांना येथे ओळखीचे कोणी भेटल्यासारखे वाटेल. नर्मदेच्या दोन्ही अंगांचे पाथरवट एकाच परंपरेतले होते, हे पुस्तकात वाचण्यापेक्षा या शिखराखाली उभे राहिल्यावर अधिक पटते.

नेमावरच्या घाटावर बसले की नदी कशी रुंद आणि संथ दिसते! परंतु येथून खाली जाणाऱ्या पाण्याची गती आता तिची स्वतःची राहिलेली नाही. पुढे पुनासा येथे ९२ मीटर उंचीचे इंदिरा सागर धरण आहे. त्याच्या जलाशयासाठी २००४ साली हरसूद हे नांदते गाव उठविण्यात आले. माणसांनी आपली घरे आपल्याच हातांनी पाडली आणि वासे, कौले, दारे गाड्यांवर लादून नेली. छनेरा येथे नवे हरसूद वसले, पण जुने हरसूद गेले ते गेलेच.

त्याच धरणाच्या खालच्या अंगाला, देवास जिल्ह्यातील धाराजी येथे भूतडी अमावास्येची जत्रा भरत असे. ७ एप्रिल २००५ च्या रात्री धरणातून सुटलेल्या पाण्याचा लोंढा तेथे आला आणि पात्रात असलेले अनेक भाविक त्यात वाहून गेले. आपल्या पूर्वजांनी पूर ओळखायचा तो आभाळाकडे पाहून. निरभ्र आभाळाखाली आलेला हा पूर त्यांच्या कोणत्याही आडाख्यात बसणारा नव्हता.

ओंकार मांधाता

ओंकारेश्वराचे वर्णन वाचकांस नव्याने सांगावयास नको. परंतु बहुतेक यात्रेकरू ज्योतिर्लिंगाचे दर्शन घेऊन झुलत्या पुलावरून माघारी वळतात आणि मांधाता बेटाचा खरा ठेवा तसाच मागे राहतो. बेटाची सुमारे सात किलोमीटरची प्रदक्षिणा पायी करावी. वाटेत गौरी-सोमनाथाचे उंच देऊळ आणि त्यातील भव्य लिंग दिसते. पठारावर सिद्धनाथाचे भग्न मंदिर आहे. त्याच्या जोत्यावर हत्तींची रांगच्या रांग कोरलेली आहे. काही हत्ती झुंजत आहेत, काही माणसांना पायाखाली तुडवीत आहेत, आणि अंगावरची साखळीसुद्धा कोणी विसरलेले नाही. चारही दिशांना मंडप असलेले हे देऊळ अखंड असताना कसे दिसत असेल, याची कल्पनाच करावी.

दक्षिण तीरावर ममलेश्वर, म्हणजेच अमरेश्वर. त्याच्या भिंतीवर इ. स. १०६३ मध्ये कोरलेले संस्कृत शिवस्तोत्र आहे. आमच्यातील शाळकरी मुलांनी त्या अक्षरांवरून नुसती बोटे फिरविली आणि नऊशे साठ वर्षांचा हिशेब करीत ती बराच वेळ तेथेच रेंगाळली.

बेटाच्या वरच्या अंगाला २००७ साली ओंकारेश्वर धरण पूर्ण झाले. आता घाटावर पाण्याच्या पायऱ्या कमीजास्त होतात त्या धरणाच्या दरवाजांप्रमाणे. पाणी सोडण्यापूर्वी भोंगा वाजतो आणि स्नान करणाऱ्यांना वर यावे लागते. सायंआरतीची घंटा आणि हा भोंगा हे दोन्ही आवाज आता त्या घाटाचेच झाले आहेत.

रावेरखेडीची समाधी

ओंकारेश्वरहून महेश्वराकडे जाताना दक्षिण तीरावर रावेरखेडी आहे. उत्तरेच्या स्वारीवर असताना २८ एप्रिल १७४० रोजी थोरल्या बाजीरावांचे येथे, नदीकाठी, निधन झाले. वय अवघे एकोणचाळीस. तटबंदीच्या आवारात त्यांची साधीसुधी समाधी आहे. शनिवारवाड्याचा थाट येथे शोधू नये. आमच्यापैकी कित्येकांचे पूर्वज याच माणसाच्या मोहिमांमागोमाग नर्मदा ओलांडून माळव्यात आले आणि येथलेच झाले. त्या अर्थाने हे आपल्या सर्वांच्याच घरचे ठिकाण. तरीही आम्ही गेलो त्या दिवशी तेथे दुसरे कोणी नव्हते.

जवळच्या बकावा गावात नर्मदेच्या दगडाची शिवलिंगे घडवितात. पूर्वी प्रवाहाच्या घुसळणीने आपोआप गोल झालेले बाणलिंग थेट पात्रातून उचलीत असत. धाराजीजवळचे धावडी कुंड त्यासाठी विशेष प्रसिद्ध होते. ते आता जलाशयाखाली गेले. बकाव्यात दगड यंत्राच्या चाकावर गुळगुळीत होतो. कारागिरांचा हात कुशल आहे, लिंगेही सुबक होतात. फक्त नदीचे काम आता माणसाला करावे लागते.

अहिल्याबाईंचे महेश्वर

महेश्वरी पोहोचल्यावर मात्र डोळे निवतात. १७६७ ते १७९५ या काळात अहिल्याबाईंनी येथून राज्य केले. १७८० साली काशीविश्वनाथाचे आणि १७८३ साली सोमनाथाचे मंदिर नव्याने उभे करणाऱ्या या राणीचा स्वतःचा राजवाडा पाहावा, तर एखाद्या सुस्थित देशस्थाच्या वाड्याहून फार मोठा नाही. जो डौल आहे तो सारा घाटाला दिला आहे. किल्ल्यापासून पाण्यापर्यंत उतरणाऱ्या त्या रुंद पायऱ्या, अहिल्येश्वराचे कोरीव देऊळ, विठोजी होळकरांची छत्री, आणि समोर भर पात्रात एकट्याच उभ्या असलेल्या बाणेश्वराची शोभा संध्याकाळी होडीतून पाहावी. ही वास्तू जमिनीवरून पाहण्यासाठी बांधलेली नाही, नदीतून पाहण्यासाठी बांधलेली आहे, हे तेव्हा ध्यानात येते.

राजवाड्यातील लिंगार्चनाची पूजा अद्याप चालू आहे. काळ्या मातीची हजारो चिमुकली लिंगे करावयाची, पूजावयाची आणि नर्मदेत सोडावयाची. गावात हातमागांची खटखट ऐकू येते. बाईंनी बाहेरून विणकर आणून येथे वसविले. महेश्वरी लुगड्याच्या काठावर आजही लहर, विटा आणि चटईची नक्षी निघते. म्हणजे नदी आणि घाट दोन्ही त्या काठात विणलेले असतात.

पलीकडच्या तीरावर नावडातोलीची टेकाडे आहेत. १९५२-५३ साली आणि पुन्हा १९५७ ते ५९ मध्ये डॉ. ह. धी. सांकळिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तेथे उत्खनन केले. सुमारे साडेतीन हजार वर्षांपूर्वीची गोल आणि चौकोनी कुडाची घरे, तांबडी रंगीत भांडी आणि गव्हाचे दाणे निघाले. महेश्वराच्या थोडे खाली सहस्रधारा आहे. हजार हातांच्या कार्तवीर्य अर्जुनाने येथे रेवेला अडविले आणि ती त्याच्या हातांमधून हजार धारांनी निसटली, अशी कथा सांगतात. नदी अडविण्याची हौस जुनीच म्हणायची!

घाट हलत नाहीत

धरणे झाली म्हणून नुसती हळहळ करणे आम्हा इंदूरकरांना शोभणार नाही. वीज आम्हीही जाळतो आणि जलूदचे पाणी आम्हीही पितो. पण त्याची किंमत कोणी मोजली, हे ठाऊक असणे एवढे तरी आपल्याकडे लागते. खाली महाराष्ट्राच्या तीरावर मणिबेली येथे शूलपाणेश्वराचे प्राचीन देऊळ होते. सरदार सरोवराच्या पाण्याखाली १९९४ साली ते गेले. देवाला गुजरातेत नवे मंदिर मिळाले. मूर्ती हलविता येते, प्राणप्रतिष्ठा पुन्हा करता येते. पण पिढ्यान्‌पिढ्यांच्या पावलांनी झिजलेला घाट दुसरीकडे नेता येत नाही. जे घाट अजून पाण्याच्या वर आहेत, ते पाहून घ्यावेत आणि मुलांना दाखवून ठेवावेत.

त्यासाठी कार्तिक ते माघ हा काळ उत्तम. इंदूरहून ओंकारेश्वर सुमारे ऐंशी आणि महेश्वर नव्वद-पंचाण्णव किलोमीटर. पण एका दिवसात दोन्ही उरकण्याचा मोह टाळावा. महेश्वरी एक रात्र अवश्य राहावे आणि पहाटे घाटावर जावे. पाण्यावर धुके असते, बाणेश्वर दिसत नाही, आणि पायरीशी लागणाऱ्या पाण्याचा आवाज तेवढा ऐकू येतो. तो आवाज घरच्या नळाला येत नाही.