डिस्कसचे आरोग्य : औषधाआधी पाणी

शोभिवंत मत्स्यपालनात डिस्कसला मत्स्यटाकीचा राजा म्हटले जाते. ताटलीसारखे गोल व चपटे शरीर, अंगावरील उभे पट्टे, निळ्या-तांबड्या छटा आणि संथ चाल यांमुळे त्याला चांगला भाव मिळतो. पूर्ण वाढलेला मासा 15 ते 20 सेंटिमीटरचा असतो. मात्र त्याच्या संगोपनात होणारी हानीही तेवढीच मोठी असते. मासा काळवंडतो, कोपऱ्यात जाऊन उभा राहतो, खाणे सोडतो आणि आठवडाभरात संपूर्ण टाकी रिकामी होऊ शकते. अशा वेळी पालकाची पहिली धाव औषधाच्या बाटलीकडे असते. प्रत्यक्षात बहुतेक वेळा दुखण्याचे मूळ पाण्यात असते आणि पाणी न तपासता दिलेले औषध आजार वाढवते. म्हैसूरसारख्या पठारी शहराचे पाणी, हवामान व उंची लक्षात घेतल्यास ही बाब स्पष्ट होते. महाराष्ट्रातील पठारी भागांतील मत्स्यपालकांनाही तिचा उपयोग होण्यासारखा आहे.

मूळ अधिवास आणि स्वभाव

डिस्कस हा दक्षिण अमेरिकेतील ॲमेझॉन नदीच्या खोऱ्यातला मासा. ऑस्ट्रियन शास्त्रज्ञ योहान याकोब हेकेल यांनी 1840 मध्ये त्याचे शास्त्रीय वर्णन केले. संथ प्रवाहाच्या, बुडालेल्या फांद्या व मुळ्यांनी भरलेल्या पाण्यात तो कळपाने राहतो. हे पाणी उबदार, मऊ म्हणजे कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार अत्यल्प असलेले आणि आम्लधर्मी असते.

या माशाचे आणखी एक वैशिष्ट्य आरोग्याच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे. अंड्यांतून बाहेर पडून पोहू लागलेली पिल्ले आरंभीचे काही दिवस आईबापांच्या अंगावरील श्लेष्म खाऊन वाढतात. म्हणजे त्वचेवरील हा स्राव एकाच वेळी माशाचे कवच आणि पिल्लांचे अन्न असतो. पाण्यातील दोष प्रथम या स्रावावर आणि कल्ल्यांवर आघात करतो. त्यामुळे इतर मासे जेथे तग धरतात, तेथे डिस्कस आजारी पडतो.

बाजारात मिळणारे डिस्कस बहुधा अनेक पिढ्या टाक्यांत वाढवलेले असतात. त्यांना ॲमेझॉनइतके मऊ पाणी आवश्यक नसते. सामू 6 ते 7.5 आणि तापमान 28 ते 30 अंश सेल्सियस या मर्यादेत ते उत्तम राहतात. अंडी उबवण्यासाठी मात्र मऊ पाणी लागते, कारण अधिक जडपणात अंडी नीट फळत नाहीत. संगोपनासाठी आदर्श आकड्याच्या मागे लागण्यापेक्षा पाण्याचे गुणधर्म स्थिर ठेवणे अधिक हिताचे ठरते.

एका शहरात दोन प्रकारचे पाणी

म्हैसूर शहराला कावेरी व कबिनी या नद्यांचे शुद्ध केलेले पाणी मिळते. या पाण्यात निर्जंतुकीकरणासाठी क्लोरीन मिसळलेला असतो. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात किमान 0.2 मिलिग्रॅम प्रती लिटर उर्वरित मुक्त क्लोरीन अपेक्षित आहे. माणसाला हे प्रमाण निर्धोक असले, तरी माशाचे कल्ले आणि फिल्टरमधील उपयुक्त जीवाणू यांना ते घातक ठरू शकते. दुसरीकडे, या परिसरातील नाईस व ग्रॅनाइट खडकांच्या भेगांतून येणारे विंधन विहिरींचे पाणी सामान्यतः जड व अल्कधर्मी असते. घराच्या एकाच भूमिगत टाकीत ही दोन्ही पाणी पडत असतील, तर नळातून येणाऱ्या पाण्याचा गुणधर्म आठवड्यागणिक बदलतो. पालकाला ते सारखेच दिसते, माशाला मात्र प्रत्येक वेळी नवे पाणी सोसावे लागते.

यातील खरा धोका अमोनियाचा असतो. माशांची विष्ठा आणि उरलेले खाद्य यांतून अमोनिया तयार होतो. पाण्यात तो दोन रूपांत असतो, एक तुलनेने निरुपद्रवी अमोनियम आणि दुसरे विषारी मुक्त अमोनिया. 30 अंश तापमानात सामू 7 असेल, तर एकूण अमोनियापैकी एक टक्क्याहून कमी भाग विषारी रूपात असतो. सामू 8 झाल्यास तोच भाग सात टक्क्यांच्या आसपास पोहोचतो. सामूतील एका अंकाचा फरक विषाची तीव्रता जवळजवळ दहापट वाढवतो.

जुन्या, दुर्लक्षित टाकीत हा प्रसंग हमखास ओढवतो. पाणी बराच काळ न बदलल्याने सामू 6 च्या खाली घसरतो. इतक्या आम्लधर्मी पाण्यात अमोनियाचे रूपांतर करणारे जीवाणू मंदावतात आणि अमोनियम साचत जाते. मासे मात्र ठीक दिसतात. एके दिवशी स्वच्छतेच्या उत्साहात अर्धे पाणी काढून विंधन विहिरीचे जड पाणी भरले जाते. सामू एकदम चढतो, साचलेले अमोनियम मुक्त अमोनियात बदलते आणि काही तासांत मासे धापा टाकू लागतात. पालकाला हा रोगाचा उद्रेक वाटतो. अशा टाकीत पाणी बदलण्यापूर्वी अमोनिया व सामू तपासावा आणि दररोज केवळ दहा टक्के पाणी बदलत ती हळूहळू सावरावी.

रात्रीचा गारवा आणि प्राणवायू

म्हैसूर समुद्रसपाटीपासून सुमारे 760 मीटर उंचीवर आहे. डिसेंबर-जानेवारीत रात्रीचे तापमान 16 ते 17 अंशांपर्यंत उतरते. पुणे, नाशिकसारख्या शहरांत ते याहूनही खाली जाते. हीटर नसलेली टाकी रात्रभरात कित्येक अंशांनी थंड होते. थंडीने माशाची पचनशक्ती व रोगप्रतिकारशक्ती दोन्ही मंदावतात. घरगुती टाकीसाठी साधारण एका लिटरला एक वॅट या प्रमाणात हीटर घ्यावा. 300 लिटरच्या टाकीत 300 वॅटचा एक हीटर बसवण्यापेक्षा 150 वॅटचे दोन बसवावेत. एक बंद पडला तरी पाणी एकदम थंड होत नाही आणि एखादा चालूच राहिला तरी पाणी उकळून निघत नाही. टाकीच्या मागे व खाली थर्माकोलचा पत्रा आणि वर काचेचे झाकण ठेवल्यास वीज खंडित झाल्यावरही उष्णता बराच वेळ टिकते. थर्मामीटर स्वतंत्र असावा, हीटरवरील आकड्यावर विसंबू नये.

पाणी उबदार ठेवताना प्राणवायूचा विचार सुटू नये. समुद्रसपाटीवर 20 अंशाच्या पाण्यात प्रती लिटर सुमारे 9 मिलिग्रॅम प्राणवायू विरघळू शकतो. 30 अंशाला हे प्रमाण सुमारे 7.5 वर येते आणि म्हैसूरच्या उंचीवर हवेचा दाब कमी असल्याने ते 7 च्या जवळपासच राहते. शिवाय उष्ण पाण्यात माशाची प्राणवायूची गरज वाढलेली असते. म्हणून हवा पंप दिवसरात्र चालू असावा आणि बॅटरीवर चालणारा एक पंप हाताशी असावा.

पाणी तयार करण्याची पद्धत

• डिस्कस कळपाने राहत असल्याने किमान पाच-सहा मासे एकत्र ठेवावेत आणि प्रत्येक मोठ्या माशामागे सुमारे 40 लिटर पाणी धरावे.
• नवी टाकी भरल्यावर लगेच मासे सोडू नयेत. फिल्टरमध्ये उपयुक्त जीवाणू स्थिरावण्यास साधारण चार ते सहा आठवडे लागतात. अमोनिया व नायट्राइट शून्य आल्यावरच मासे आणावेत.
• बदलण्याचे पाणी एका वेगळ्या पिंपात 24 तास हवा देऊन ठेवावे. क्लोरीन तातडीने घालवायचा असल्यास सोडियम थायोसल्फेट वापरावे. प्रती लिटर 1 मिलिग्रॅम क्लोरीन असलेल्या 100 लिटर पाण्यास 0.7 ग्रॅम पुरेसे होते.
• जड पाण्यात आरओचे पाणी मिसळून जडपणा कमी करता येतो. समजा, विंधन विहिरीच्या पाण्याचा जडपणा 300 मिलिग्रॅम प्रती लिटर आहे. त्याच्या एका भागात आरओचे दोन भाग मिसळल्यास जडपणा 100 ते 115 च्या दरम्यान येतो. निव्वळ आरओचे पाणी वापरू नये, कारण त्यात सामू सावरून धरणारे क्षार नसतात.
• टीडीएस मीटर एकूण विरघळलेले क्षार दाखवतो, जडपणा नव्हे. जडपणासाठी वेगळा तपासणी संच वापरावा.
• नव्या पाण्याचे तापमान टाकीतील पाण्याशी जुळवून आठवड्यातून दोनदा 25 ते 30 टक्के पाणी बदलावे. फिल्टरचा स्पंज नळाखाली न धुता टाकीतून काढलेल्या पाण्यातच पिळावा.

विलगीकरण आणि आहार

वरून निरोगी दिसणारा मासाही कल्ल्यांतील कृमी किंवा आतड्यातील परजीवी घेऊन येऊ शकतो. नवे मासे चार ते सहा आठवडे वेगळ्या टाकीत ठेवावेत. त्या टाकीची जाळी, बादली व नळी स्वतंत्र असावी आणि वापरानंतर उन्हात कडक वाळवावी. दोन वेगवेगळ्या ठिकाणांहून आणलेले मासे एकाच दिवशी एकत्र करू नयेत.

गटारांतून गोळा केलेले जिवंत ट्युबिफेक्स किडे स्वस्त मिळतात आणि डिस्कस ते आवडीने खातो. मात्र रोगजंतू टाकीत शिरण्याची ती सोपी वाट आहे. त्याऐवजी दर्जेदार दाणेदार खाद्य, बारीक केलेली कोळंबी आणि विश्वासू ठिकाणचे गोठवलेले ब्लडवर्म आलटून-पालटून द्यावेत. मोठ्या माशांना दिवसातून दोनदा आणि पिल्लांना चार-पाच वेळा थोडे थोडे खाद्य द्यावे. दहा-पंधरा मिनिटांनी उरलेले खाद्य नळीने काढून टाकावे.

लक्षणांचा अर्थ

मासा काळवंडणे, पर मिटून घेणे व कोपऱ्यात राहणे ही तणावाची सर्वसाधारण चिन्हे आहेत. त्यांवरून रोगाचे नाव ठरत नाही. सर्वच मासे एकाच वेळी अस्वस्थ झाले, तर कारण प्रथम पाण्यात शोधावे. एखाद-दुसराच मासा खालावत असेल, तर रोगाची शक्यता विचारात घ्यावी. एकाच बाजूच्या कल्ल्याने श्वास घेणे व अंग घासणे कल्ल्यांतील कृमींकडे बोट दाखवते. पांढरी, दोऱ्यासारखी विष्ठा आणि खालावत जाणारी प्रकृती आतड्यातील परजीवींची शक्यता सुचवते. डोक्यावर पडणाऱ्या खळग्यांशी स्पायरोन्यूक्लिअससारख्या परजीवींचा संबंध जोडला जातो, तथापि निकृष्ट आहार आणि खराब पाणीही त्यास हातभार लावतात.

म्हणून तपासणीचा क्रम ठरलेला असावा. प्रथम तापमान, नंतर अमोनिया, नायट्राइट व सामू, त्यानंतर अलीकडे आलेले नवे मासे किंवा बदललेले खाद्य, आणि शेवटी औषध. कृमींसाठी प्राझिक्वांटेल व आतड्यातील परजीवींसाठी मेट्रोनिडाझोल ही औषधे वापरली जात असली, तरी ती मत्स्यरोग तज्ज्ञाच्या सल्ल्याने, विलगीकरण टाकीत आणि पूर्ण मात्रेतच द्यावीत. अंदाजाने अर्धवट दिलेल्या प्रतिजैविकांमुळे फिल्टरमधील उपयुक्त जीवाणू मरू शकतात आणि प्रतिकारक्षम जंतू मागे उरतात. हातावर जखम असताना टाकीत हात घालू नये, कारण माशांतील काही मायकोबॅक्टेरिया माणसाच्या त्वचेलाही बाधतात.

विस्तार कार्यकर्त्यांसाठी

केंद्र शासनाने 2020 मध्ये सुरू केलेल्या प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत घरामागील शोभिवंत मत्स्यसंगोपन युनिटचा समावेश करण्यात आला. त्यासाठी 3 लाख रुपये प्रकल्पखर्च धरून सर्वसाधारण गटास 40 टक्के आणि महिला व अनुसूचित जाती-जमातींच्या लाभार्थ्यांस 60 टक्के साहाय्याची तरतूद होती. सद्यःस्थिती जिल्हा मत्स्यव्यवसाय कार्यालयातून जाणून घ्यावी. नव्या लाभार्थ्यास मात्र आरंभी डिस्कस सुचवू नये. गप्पी, मोली यांसारख्या काटक माशांवर किमान एक वर्ष पाण्याची नोंदवही नियमित ठेवण्याची सवय लागल्यावरच त्याने डिस्कसकडे वळावे.

शेततळ्यात खाण्याचे मासे वाढवणाऱ्यांनी आणखी एक दक्षता घ्यावी. मेट्रोनिडाझोलसारखी नायट्रोइमिडाझोल गटातील औषधे खाद्य मत्स्यपालनात निषिद्ध आहेत. औषध दिलेल्या टाकीचे पाणी शेततळ्यात, विहिरीत वा ओढ्यात जाता कामा नये. नको झालेले मासेही तलावात सोडू नयेत. शोभिवंत म्हणून आणलेला सकर मासा देशातील अनेक जलाशयांत पसरून स्थानिक माशांना व मच्छीमारांच्या जाळ्यांना उपद्रव देत आहे. औषधविरहित टाकीतील बदललेले पाणी मात्र नायट्रेटयुक्त असल्याने परसबागेस उपयुक्त ठरते.

तापमान मापक, अमोनिया, नायट्राइट, सामू व जडपणाचे तपासणी संच आणि एक नोंदवही एवढ्या साहित्यावर डिस्कसच्या बहुतेक दुखण्यांना आरंभीच आळा घालता येतो. मार्गदर्शनासाठी आलेल्या पालकास कार्यकर्त्याने प्रथम माशाची लक्षणे न विचारता गेल्या पंधरा दिवसांत पाणी कधी, किती आणि कोठले भरले, हे विचारावे.