सूर्यप्रकाश, माती आणि हिरवे पान

सूर्य हा जीवसृष्टीचा आधार आहे, हे वाक्य आपण शाळेत अनेकदा लिहिले आहे. परंतु सूर्याची ऊर्जा पृथ्वीवर कोण घेते, किती घेते आणि तिचे पुढे काय होते, याचा विचार आपण सहसा करीत नाही. वैशाखातील दुपारी घरावरच्या पत्र्याला हात लावता येत नाही. पण शेजारच्या कडुनिंबाचे पान त्याच उन्हात फारसे तापत नाही. ऊन एकच असताना हा फरक का पडतो, ते आपण पाहू.

सूर्य आपल्यापासून सुमारे १५ कोटी किलोमीटर दूर आहे. त्याच्याकडून पृथ्वीवर येणाऱ्या ऊर्जेचे १०० भाग मानले, तर सुमारे ३० भाग ढग, हवा व भूपृष्ठ यांवरून परावर्तित होऊन अवकाशात परत जातात. वीसपेक्षा थोडे अधिक भाग वातावरण शोषते. उरलेले, म्हणजे जवळजवळ निम्मे, जमीन आणि समुद्र शोषून घेतात.

जमीन किती ऊर्जा शोषते, हे बरेचसे तिच्या रंगावर अवलंबून असते. ताजे बर्फ ८० टक्क्यांहून अधिक प्रकाश परत फेकते. याउलट विदर्भ-मराठवाड्यातील काळी जमीन पावसाने भिजली, की पडलेल्या प्रकाशाचे दहापैकी सुमारे नऊ भाग शोषते. शोषलेल्या ऊर्जेने जमीन तापते, पाण्याची वाफ होते आणि जमिनीलगतची हवाही तापते. हवा मुख्यतः अशी खालून तापत असल्यामुळे दिवसातील सर्वांत जास्त तापमान बाराला नव्हे, तर दुपारी दोन-तीनच्या सुमारास असते.

पानाचे कार्य वेगळे आहे. पानातील हरितद्रव्य मुख्यतः तांबडा व निळा प्रकाश शोषते. हिरव्याचा काही भाग परत येतो, म्हणून पान हिरवे दिसते. या ऊर्जेच्या बळावर पान पाण्याचे विघटन करते, प्राणवायू बाहेर सोडते आणि हवेतील कार्बन डायऑक्साइडपासून साखर तयार करते. यासाठी प्रकाश लागतो, हे यान इंगेनहौझ या शास्त्रज्ञाने १७७९ साली दाखवून दिले. मात्र शेतातील पीक हंगामभरात मिळालेल्या प्रकाशापैकी साधारण एक टक्का किंवा त्याहूनही कमी ऊर्जा साठवते. आपली भाकरी, जनावरांचा चारा आणि चुलीतील सरपण या अल्पशा वाट्यातूनच येते.

मग बाकीच्या ऊर्जेने पान करपत का नाही? मुळांनी ओढलेले पाणी पानांवरील सूक्ष्म छिद्रांतून वाफ होऊन बाहेर पडते. एक लिटर पाण्याची अशी वाफ होताना सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता खर्च होते. एवढ्या उष्णतेत सात लिटरांहून अधिक साधे पाणी उकळीला येईल. पत्रा व सिमेंट यांच्यापाशी हा उपाय नाही. ते तापतात आणि घरातील माणसांनाही तापवितात. झाडालाही मुळाशी ओल असेल तरच हे साधते, हे विसरू नये.

हा केवळ पुस्तकी विषय नाही. मे २०१० मध्ये अहमदाबादेत पारा ४६ अंशांच्या वर गेला आणि त्या महिन्यात नेहमीपेक्षा तेराशेहून अधिक मृत्यू झाले. त्यानंतर २०१३ मध्ये त्या शहराने उष्णतेपासून बचावाचा आराखडा आखला. छपरांना पांढरा रंग देण्याचा उपायही तेथे पुढे हाती घेण्यात आला. ज्या वस्तीत पत्र्याची घरे दाटीने उभी आहेत आणि झाड नाही, तेथे उन्हाचा पहिला फटका वृद्ध, तान्ही मुले आणि उन्हात राबणारे मजूर यांना बसतो. म्हणून छपराला चुना आणि गल्लीत झाड, हे दोन्ही उपाय आपल्या वस्तीत व्हावेत, असे आम्हांस वाटते.

विद्यार्थी मित्रांनो, एक प्रयोग जरूर करा. दोन सारखे डबे घ्या. एकाला बाहेरून काळा व दुसऱ्याला पांढरा रंग द्या. दोन्हींत सारखे पाणी भरून झाकण लावा आणि तासभर उन्हात ठेवा. नंतर तापमापकाने दोन्हींतील पाण्याचे तापमान मोजा, वहीत लिहा आणि घरातील मोठ्यांनाही दाखवा.