माहितीचा प्रवास आणि दारावरचा पहारा

इंटरनेट म्हणजे काहीतरी आकाशातले, ढगांतले आहे, अशी समजूत सुशिक्षितांतही आढळते. ही समजूत सोयीची आहे. पण ती कोणाच्या सोयीची, हे विचारले पाहिजे. जे आकाशातून येते त्याला मालक नसतो, असे आपण गृहीत धरतो. वस्तुस्थिती वेगळी आहे. माहिती जमिनीखालच्या तारांतून जाते, समुद्रतळावरच्या केबलमधून जाते आणि मोबाइलच्या टॉवरवरून शेवटची झेप घेते. या प्रत्येक टप्प्याला जागा लागते, पैसा लागतो, आणि प्रत्येकाला मालक असतो. म्हणून हा प्रवास समजून घेणे हे केवळ तंत्रज्ञांचे काम नव्हे.

जुन्या टेलिफोनची रीत आठवा. मुंबईहून नागपूरला ट्रंक कॉल लागला की दोन टोकांमधला एक सबंध मार्ग त्या दोघांसाठी अडवून ठेवला जाई. ते गप्प राहिले तरी तो तिसऱ्याला मिळत नसे. मधला दुवा तुटला की संभाषणही तुटे. 1960 नंतर अमेरिकेत पॉल बरान आणि इंग्लंडमध्ये डोनाल्ड डेव्हिस यांनी स्वतंत्रपणे दुसरी रीत मांडली. अणुहल्ल्यात काही केंद्रे नष्ट झाली तरी संदेश कसा पोचेल, हा बरान यांच्यापुढचा प्रश्न होता. महागडे संगणक अनेकांना एकाच वेळी कसे वापरता येतील, हा डेव्हिस यांच्यापुढचा. उत्तर मात्र एकच निघाले : संदेशाचे लहान तुकडे करा आणि प्रत्येक तुकडा स्वतंत्रपणे धाडा. डेव्हिस यांनी या तुकड्याला ‘पॅकेट’ म्हटले. 29 ऑक्टोबर 1969 रोजी कॅलिफोर्नियातील दोन संगणकांमध्ये या रीतीने पहिला संदेश गेला. ‘लॉगिन’ हा शब्द धाडायचा होता. त्याची पहिली दोन इंग्रजी अक्षरे पोचली आणि पलीकडचा संगणक बंद पडला. आरंभ असा अडखळत झाला.

आज तुम्ही 3 मेगाबाइटचे एक छायाचित्र धाडले, तर त्याची दोन हजारांहून अधिक पॅकेटे होतात. एका पॅकेटात सर्वसाधारणपणे 1500 बाइटपर्यंत मजकूर मावतो. प्रत्येकावर धाडणाऱ्याचा पत्ता, घेणाऱ्याचा पत्ता आणि क्रम लिहिलेला असतो. वाटेतील राउटर नावाची यंत्रे घेणाऱ्याचा पत्ता वाचतात आणि पॅकेट पुढच्या नाक्यावर ढकलतात. एक वाट तुटली तर दुसरी शोधली जाते. प्रत्येक पॅकेटावर एक आकडा असतो; दर राउटरला तो एकाने कमी होतो आणि शून्यावर आला की पॅकेट टाकून दिले जाते. त्यामुळे भरकटलेली पॅकेटे जन्मभर फिरत राहत नाहीत. गर्दी झाली तरीही काही पॅकेटे गळतात. पलीकडचा संगणक पोच देतो. ज्याची पोच येत नाही ते पुन्हा धाडले जाते. शेवटी क्रमाने जुळवणी होऊन चित्र उभे राहते.

या मूळ रीतीत मंत्र्याचे भाषण आणि विद्यार्थिनीची शंका एकाच रांगेत उभी असतात. पण ही समता यंत्राच्या पोटातून आपोआप जन्मलेली नाही. तो माणसांनी पाळलेला नियम आहे, आणि माणसे तो मोडू शकतात. मजकुराला सांकेतिक कुलूप लावले तरी पत्ता उघडाच राहतो, कारण त्यावाचून पॅकेट पुढे जाणार नाही. तोच पत्ता वाचून कंपनी एकाला मोकळी वाट देऊ शकते आणि दुसऱ्याला रखडवू शकते. 2015 साली फेसबुकने ‘फ्री बेसिक्स’ या नावाने निवडक संकेतस्थळे फुकट देऊ केली. गरिबांना काहीच नसण्यापेक्षा हे बरे, असा युक्तिवाद झाला. परंतु गरिबांनी काय वाचावे हे दाता ठरवणार असेल तर त्याला ज्ञान म्हणायचे की शिधा? लाखो नागरिकांनी विरोध नोंदवला आणि 8 फेब्रुवारी 2016 रोजी दूरसंचार नियामक प्राधिकरणाने मजकूर पाहून वेगवेगळे दर लावण्यास मनाई केली.

दुसरा पहारा सरकारचा. मधला दुवा तुटला तर जाळे वळसा घालते. पण गावातल्या मोबाइलला बाहेर पडायला बहुधा जवळच्या टॉवरचीच वाट असते. आदेश निघाला की कंपनी ती बंद करते, आणि मधल्या हजार वाटा निरुपयोगी ठरतात. ऑगस्ट 2019 पासून काश्मीरने हे दीर्घकाळ भोगले. त्या प्रकरणी 10 जानेवारी 2020 रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, अनिश्चित काळासाठी इंटरनेट बंद ठेवता येणार नाही आणि बंदीचे आदेश प्रसिद्ध केले पाहिजेत.

कार्यकर्त्यांनी आणि शिक्षकांनी येथूनच आरंभ करावा. आपल्या तालुक्यात बंदी आली तर लेखी आदेश मागावा, त्यातले कारण वाचावे, मुदत पाहावी. गावात तार कोणाची येते, टॉवर किती कंपन्यांचे आहेत, याची नोंद शाळेतली मुलेही करू शकतील. वाट कोणाच्या हाती आहे हे ज्याला ठाऊक असते, तोच ती अडवल्यावर जाब विचारू शकतो.