सहा तारा आणि एक तापलेली चिप

ऑक्टोबर २०२२ मध्ये अमेरिकेतील एनव्हिडिया कंपनीचे 'आरटीएक्स ४०९०' हे ग्राफिक्स कार्ड बाजारात आले. संगणकाच्या पडद्यावरील चित्रे तयार करण्याचे काम ग्राफिक्स कार्ड करते. थोड्याच दिवसांत, या कार्डाला वीज पुरवणाऱ्या जोडणीचे प्लास्टिक वितळल्याची छायाचित्रे प्रसिद्ध होऊ लागली. आपल्याकडे असे सुमारे ५० प्रकार आले असून जोडणी पूर्णपणे आत न बसणे हे त्यांतील समान कारण दिसते, असे कंपनीने नोव्हेंबर २०२२ मध्ये सांगितले. एवढ्या महागड्या यंत्रातील हा बिघाड समजून घ्यायला मात्र नववी-दहावीचे विज्ञान पुरते. म्हणूनच तो वर्गात नेण्यासारखा आहे.

आधी आकडे पाहू. जानेवारी २०२५ मध्ये आलेले 'आरटीएक्स ५०९०' हे कार्ड ५७५ वॅटपर्यंत शक्ती वापरते. घरातल्या २३० व्होल्टवर एवढ्या शक्तीसाठी अडीच अँपिअर धारा पुरते. पण कार्डाला वीज मिळते ती १२ व्होल्टवर. शक्ती = विभवांतर × धारा हे सूत्र वापरले, तर धारा येते सुमारे ४८ अँपिअर! एवढी धारा एका बारीक तारेतून नेता येत नाही. म्हणून जोडणीत १२ व्होल्टच्या सहा तारा समांतर असतात आणि परतीच्याही सहा. प्रत्येकीच्या वाट्याला साधारण ८ अँपिअर येतात.

जुन्या आठ टाचण्यांच्या जोडणीतून १५० वॅट नेले जात. तिच्यात १२ व्होल्टच्या तीन तारा असत, म्हणजे एका तारेत जेमतेम ४.२ अँपिअर. टाचणीची क्षमता याच्या दुपटीच्या आसपास होती. नव्या जोडणीची कमाल मर्यादा आहे ६०० वॅट, म्हणजे एका टाचणीतून ८.३ अँपिअर. टाचणीची क्षमता मात्र नऊ-साडेनऊ अँपिअर. जागा वाचली, पण हाताशी राखून ठेवलेली सुरक्षिततेची शिल्लक फारच कमी झाली.

आता खरी गोम पाहू. समांतर जोडणीत धारा सारखी वाटली जाते ती सर्व मार्गांचे रोध सारखे असतील तरच. एखादी टाचणी सैल बसली की तिथला रोध वाढतो, तिच्यातली धारा घटते आणि ती इतर तारांकडे वळते. दोष एकीचा, भार दुसरीवर! फेब्रुवारी २०२५ मध्ये जर्मनीत झालेल्या एका चाचणीत एकाच तारेतून २० अँपिअरहून अधिक धारा जाताना आढळली.

ज्यूलच्या नियमानुसार उष्णता धारेच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. समजा, टाचणीच्या संपर्काचा रोध ०.००५ ओहम आहे. ८ अँपिअरला तिथे ०.३२ वॅट उष्णता निर्माण होईल, तर २० अँपिअरला २ वॅट. धारा अडीचपट, उष्णता सव्वासहापट. दोन वॅट ऐकायला किरकोळ वाटतात, पण ते प्लास्टिकच्या बंद कोंदणातल्या तांदळाच्या दाण्याएवढ्या जागेत साठतात. तापलेल्या टाचणीची पकड ढिली होते आणि रोध आणखी वाढतो.

इथे विद्यार्थी एक चांगला प्रश्न विचारतील. घरातले दिवे समांतर असतात. एक बंद केला तरी दुसऱ्याची धारा वाढत नाही. मग इथे का वाढते? कारण घरात प्रत्येक मार्गात स्वतंत्र दिवा असतो. इथे सहाही मार्ग एकाच उपकरणाकडे जातात, आणि त्याला लागणारी धारा बदलत नाही.

हे एका सोप्या प्रयोगाने दाखवता येते. १.५ व्होल्टचे चार सेल आणि ६ व्होल्टचा लहान दिवा घ्या. दिव्याच्या एकसर जोडणीत १ ओहमचे तीन रोधक एकमेकांना समांतर लावा. प्रत्येक रोधकाच्या टोकांमधील विभवांतर मल्टिमीटरने मोजा. रोध १ ओहम असल्याने जितके मिलिव्होल्ट तितकेच मिलिअँपिअर. दिवा १०० मिलिअँपिअरचा असेल तर प्रत्येकात सुमारे ३३ दिसतील. एक रोधक काढा, उरलेल्यांत सुमारे ५० होतील. दुसराही काढा, एकट्यात जवळजवळ १००. या सगळ्या वेळात दिव्याकडे लक्ष ठेवायला सांगा. त्याच्या प्रकाशात जाणवण्यासारखा फरक पडत नाही. धोका नेमका इथेच आहे. कार्ड सुरळीत चालते, पडद्यावर चित्र स्वच्छ दिसते आणि एक तार मुकाट्याने सगळ्यांचे ओझे वाहत असते.

२०२३ मध्ये जोडणीत सुधारणा झाली. इशारा देणाऱ्या चार छोट्या टाचण्या आखूड केल्या, म्हणजे जोडणी पुरती आत बसल्याशिवाय कार्डाला पूर्ण शक्ती घेता येत नाही. पण प्रत्येक तारेतील धारा वेगळी मोजण्याची सोय बहुतेक कार्डांत नाही.

कार्डाने घेतलेली जवळजवळ सगळी वीज शेवटी उष्णताच होते. ५०९० च्या चिपचे क्षेत्रफळ सुमारे साडेसात चौरस सेंटिमीटर आहे. कपड्यांच्या इस्त्रीच्या तळाशी तुलना केली, तर दर चौरस सेंटिमीटरमागे इथली उष्णता दहापटीच्या घरात जाते. ती पसरवायला चिपवर धातूची एक चपटी, पोकळ, हवा काढून घेतलेली डबी बसवतात. तिच्यात थोडे पाणी असते. चिपलगत पाण्याची वाफ होते, वाफ थंड बाजूला जाऊन पुन्हा पाणी होते आणि सच्छिद्र अस्तरातून, दिव्याच्या वातीत तेल चढावे तसे, परत येते. एक ग्रॅम पाण्याची वाफ होताना सुमारे २,३०० ज्यूल उष्णता शोषली जाते. म्हणजे सेकंदाला पाव ग्रॅम पाणी ५७५ वॅट वाहून नेऊ शकते. माठाला गार करणारा अप्रकट उष्मा तो हाच.

पुढे ही उष्णता धातूच्या पातळ पात्यांमध्ये जाते. पाती जितकी अधिक, तितके हवेला भिडणारे क्षेत्रफळ अधिक. हवा १५ अंश सेल्सिअसने तापवून बाहेर सोडायची, तर सेकंदाला सुमारे ३२ लिटर हवा पात्यांमधून जायला हवी, म्हणजे दर सेकंदाला दोन बादल्या! भिंतीला चिकटवून ठेवलेल्या किंवा धुळीने भरलेल्या संगणकात ती कुठून मिळणार?

शेवटी वर्गासाठी एक प्रश्न. १२ ऐवजी ४८ व्होल्ट वापरले तर काय होईल? धारा चौथाई होईल आणि त्याच तारांमधील उष्णता सोळावा भाग. मोठ्या संगणक-केंद्रांत ४८ व्होल्टचा पुरवठा वापरातही आहे. डोंगरदऱ्यांतून जाणाऱ्या उच्च दाबाच्या वाहिन्यांमागचे गणितही हेच. ते विद्यार्थ्यांनी स्वतः मांडावे, आणि मग आपल्या वर्गातल्या पंख्याचा, प्रोजेक्टरचा प्लग नीट बसला आहे का, हेही एकदा पाहावे.